ताजुद्दीनने कहवा घेतला

…तर मुस्तफाचा डोळा गेला, इथवर काल आलो होतो. का गेला ते ऐका. लुंगीपायी! आपल्या रत्नागिरीकडची चौकड्याची लुंगी नेसून पोरगा रियाधमध्ये, अल सुलै भागातल्या गोदामातून पाव आणायला निघाला. यमनी माणसंही तशीच लुंगी नेसतात. आखाती लढाईत यमन इराककडे झुकला म्हणून सौदी टगी पोरं पेटलेली. त्यांनी याला यमनी समजून पाइपने झोडला.

थोरला भाऊ ताजुद्दीन त्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. त्याला एकच हवं होतं, ती पोरं काझीसमोर उभी राहावीत. आपल्या कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा इकामा, तिथं राहायचा परवाना, त्या मालकाला, घेऊन तो चौकीत गेला.

अंमलदार म्हणाला, "चुकून झालं. पोरांना वाटलं, यमनी आहे."

"यमनी असता तर चाललं असतं?" ताजुद्दीनने मोडक्यातोडक्या अरबीत विचारलं.

अंमलदार कफीलकडेच बघत म्हणाला, "आधी पोरांच्या आजोबांकडे जाऊ. नाहीच मिटलं तर काझी आहे."

गेले तिघे. गालिचा, लोड, खजूर, सगळा थाट! म्हाताऱ्याने स्वतः उठून कहवा ओतला. ताजुद्दीनच्या अंगात काही उरलंच नव्हतं, राग म्हणावा तर तोही नाही. पण आमच्या कोकणात वैऱ्याच्या दारीसुद्धा पुढे आलेला पेला कोणी परतवत नाही. त्याने घेतला आणि संपवला.

बैठक एकदम सैलावली. म्हाताऱ्याने त्याच्या कपाळाचा मुका घेतला. अंमलदार टोपी घालून उठला.

बाहेर ताजुद्दीनने विचारलं, "आता काझीकडे कधी?"

"कसला काझी?" कफील म्हणाला. "मागणं घेऊन आलेला माणूस ते मान्य होईस्तोवर कप खाली ठेवतो. तू प्यालास, म्हणजे माफ केलंस. खलास."

"तुम्हाला ठाऊक होतं, तर मला खुणावलं का नाही?"

"मला इथंच राहायचंय. यल्ला, बस गाडीत."

भांडला असेल म्हणता? छे! गाडीत बसला. खोलीवर मुस्तफा डोळ्याला पट्टी बांधून वाट बघत होता.

"भाय, काझी काय बोलला?"

ताजुद्दीनने चपला काढून भिंतीशी नीट लावल्या. पुढचं मुस्तफानेच मला शब्दन् शब्द सांगितलंय:

"काझीपर्यंत मामला गेलाच नाय. मी तुझ्या वतीनं माफ केलंय म्हणतात. ऊठ, जेवून घे."