पोरगी पडली

मंचरच्या सभागृहात शहरातली एक आधुनिक नृत्यमंडळी खेळ घेऊन आली होती. दाराशी लोककलावंतांच्या हक्काची पत्रकं वाटून मी आत जाऊन बसलो. डोक्यावर छत्र्या बांधलेली माणसं चंद्रावर चढायला निघतात आणि धपाधप पडतात, असा तो गमतीदार खेळ. लोक पोट धरून हसत होते.

शेजारी साठीची एक बाई होती. पदर घट्ट खोचलेला, उजवा पाय ताठ पुढे सोडलेला. एक मुलगी शिडीवरून कोसळली तशी ती उभी राहून ओरडली, "आरं, पोरगी पडली! पडदा पाडा!"

आता लोक तिलाच हसले. मीही हसलो. मागून कुणी म्हणालं, "मावशे, बस खाली, तिकिटातच हाय ते!"

"मावशी, ठरवून पडतात त्या," मी सांगितलं.

"ठरवून?" तिला पटेना. ती वीस वर्षं तमाशात नाचलेली. एका जत्रेत स्टेजची फळी मोडली आणि गुडघा कायमचा गेला. "मी पडले तवा बी लोक असंच हसलं. त्यास्नी वाटलं, सोंग हाय."

"उचललं कुणी?"

"कुणी न्हाई, भाऊ. ढोलकी चालूच व्हती. दुसरी पोरगी मला वलांडून फुडं आली."

आमच्या पत्रकात अशा बायांसाठी 'उपेक्षित' हा एकच शब्द आहे. मला त्या शब्दाची चीड आली.

स्टेजवर ती मुलगी पुन्हा पडली. हशा उसळला. बाईने दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि मला विचारलं, "उठली का?"