दुसरी वायर

अर्धं अंगण सारवून झालं होतं, तेवढ्यात खिडकीच्या गजाला टांगलेला मोबाईल वाजला. कॅसलरॉकच्या त्या घरात नेटवर्क येतं ते फक्त त्या एका गजापाशी, म्हणून सोनिया मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिवसभर तिथंच अडकवून ठेवते. मधे ओलं अंगण आणि हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले. भिंतीला पाठ घासत ती कडेकडेनं खिडकीशी गेली, पिशवीवरनंच नाकानं बटण सरकवलं आणि ओरडली, "कोण हाय?"

"मी देवकी मावशी, रामनगरची. बेस्तरवारी आमच्या पल्लवीची हळद हाय. तुझा तो डबा घिऊन ये बाई."

"मी?"

"मग काय मी वाजवू? मागं शेजारच्या हळदीला बाहेरनं पोरं आणली हुती. ती गाणी कमी लावत्यात आणि बायकांचं व्हिडिओ जास्त काढत्यात. एक बाई जाग्यावरनं उठली न्हाई. तू आलीस तर सगळ्या नाचतील. आणि आयक, अश्विनी येणार हाय."

सोनियाला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिची आई फुला बाहेर आली तेव्हा पोरगी शेणाचे हात तसेच वर धरून खिडकीपाशी उभी, आणि बादलीतलं सारवण घट्ट होत चाललेलं.

"मधीच सोडलीस व्हय? आता वाळलं की सांधा दिसंल."

"आई, अश्विनी येणार हाय."

फुलानं तिच्याकडं पाहिलं, आणि मग बादलीत तांब्याभर पाणी ओतलं. "आधी जुन्या कडेला पाण्याचा हात फिरव, मग फुडं ने," एवढंच म्हणाली.

सोनिया आणि अश्विनी यांच्यातला शब्दसुद्धा हाच होता, सांधा. एक गाणं संपता संपता दुसरं त्यात असं मिसळायचं, की नाचणाऱ्याच्या पायाला कळू नये कुठं संपलं नि कुठं सुरू झालं. मोठ्या डीजेकडं त्यासाठी दोन तबकड्यांचं मशीन असतं. ते दोघींनी एकदाच पाहिलं होतं, लोंढ्याच्या एका वरातीत, आणि तेही माणसांच्या खांद्यांवरनं. गाडी चुकेपर्यंत दोघी तिथनं हलल्या नव्हत्या.

तसलं मशीन कुठनं आणणार? रामनगरचा शिवानंद मंडपवाला धंदा मुलाच्या हाती देत होता. सोनियाला शिलाई येते. तिनं एक अख्खा हंगाम त्याच्या मंडपाच्या झालरी शिवून दिल्या, आणि मजुरीच्या जागी त्याच्या अडगळीतला आवाज मिसळायचा छोटा मिक्सर, एक माईक आणि लाकडी पेटीतला स्पीकर मागून घेतला. तोच तिचा डबा. मिक्सरला दोन वायरी. एकीला सोनियाचा मोबाईल, दुसरीला शेजारच्या अश्विनीचा. झाल्या दोन तबकड्या! दोघींच्या मोबाईलात जागा कमी, म्हणून गाणीही वाटून घेतलेली: ठेक्याची, उडत्या चालीची सोनियाकडं, हळदीची, लग्नाची, बायकांची गाणी अश्विनीकडं. कानात घालायचा हेडफोनही एकच. डावा बोळा अश्विनीच्या कानात, उजवा सोनियाच्या. दोघी डोकं डोक्याला लावून बसायच्या. अश्विनीनं भुवई उडवली की सोनियानं बटण सरकवायचं.

आवाज रानात जाऊ नये म्हणून स्पीकरवर वाकळ टाकायच्या. फुला देवघरात दिवा लावताना म्हणायची, "त्या वाकळंखाली काय भूत कोंडलंयसा गं?" पण वाद्य आहे म्हणून दसऱ्याला झेंडूचं फूल मात्र तीच आठवणीनं ठेवायची. स्पीकरला कुणाचा पाय लागला तर नमस्कार करायला लावायची.

मग वैशाखात अश्विनीचं लग्न ठरलं, खानापुराकडच्या एका घरात. तिच्या हळदीला कुणी वाजवायचं हा प्रश्नच नव्हता, पण एक वाजवणारी पाटावर बसलेली, हळदीनं माखलेली. सोनियानं त्या दिवशी स्पीकरवरची वाकळ काढलीच नाही. अश्विनी गेली ती मोबाईल घेऊन, अर्धी गाणी घेऊन. आधी रोज फोन यायचा, मग बाजाराच्या दिवशी, मग सणाला. मिक्सरची दुसरी वायर सोनियानं काढून ठेवली नव्हती. धूळ पुसताना तीही पुसायची.

गुरुवारी सकाळी फुलानं स्पीकरला हळदकुंकू लावलं, देवीपुढचं फूल मिक्सरवर ठेवलं. बाबांनी पेटी खांद्यावर घेऊन गाडीत दाराशी चढवून दिली. लोंढ्याला उतरून टेम्पोनं रामनगर. वाटभर सोनियाच्या मनात एकच हिशेब चालला होता: सुरुवात माझ्या ठेक्यावर, दुसरं गाणं तिचं, मग माझं, मग तिचं.

मंडपात वायरी जोडून झाल्या तेव्हा दारात जीप थांबली. आधी सासू उतरली, मग अश्विनी. अंगानं भरलेली, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. सोनियाचे डोळे आधी तिच्या हातांकडं गेले. हातात फक्त आहेराची पिशवी.

"मोबाईल?"

"कशी हाईस ते तरी विचार आधी!"

"कशी हाईस? मोबाईल कुठाय?"

अश्विनी हसली, पण पुरतं नाही. "नणंदेला दिला गं. तिचं कालेज हाय. सासूबाई म्हणल्या, तुला घरात बसून कुणाला फोन करायचाय."

"आणि गाणी?"

"तिला जागा पुरंना. काढली तिनं." बांगड्या मागं सारत अश्विनी म्हणाली, "मला तर कालच कळलं."

तेवढ्यात सासूनं हाक मारली आणि ती जाऊन बायकांत बसली. सोनियानं टेबलावर बघितलं. एका वायरीला मोबाईल, दुसरीचं टोक मोकळं.

पहिलं गाणं लागलं. बायका उठल्या, पदर खोचले, पल्लवीच्या पाटाभोवती रिंगण धरलं. गाणं संपलं आणि सगळं शांत. एकाच मोबाईलवर एक गाणं थांबवून दुसरं शोधायचं म्हणजे तेवढा वेळ जाणारच. वर उचललेले हात वरच राहिले. कुणाला तरी भाताची आठवण झाली, ती आत गेली.

"काय गं, बंद पडलं व्हय?" देवकी मावशी.

"न्हाई मावशी, बदलतेय."

दुसऱ्या वेळीही तेच. मागनं एक जाडजूड काकू म्हणाली, "हिच्या डब्याला मधी मधी चा लागतोय वाटतं!" बायका हसल्या. हसू वाईट नव्हतं, पण सोनियाचे कान तापले. अशा दोन खेपा आणखी झाल्या की बायका बसतील, आणि पुन्हा तिला कुणी बोलावणार नाही, हे तिला दिसत होतं. मनातल्या मनात तिनं देवीला हाक मारली.

तिसरं गाणं उतरणीला लागलं. एवढ्यात बायकांतनं टाळी आली, ठेक्यात, अगदी गाण्याच्याच ठेक्यात. अश्विनी बसल्या जागी टाळी देत होती आणि हळद कुटतानाची ओवी तिनं उचलली होती, माहेरची, त्या मुलखात सगळ्या बायकांना येणारी. शेजारच्या दोघींनी तिला साथ धरली. गाणं थांबलं, पण पाय थांबले नाहीत.

सोनियानं पेटीतला जुना माईक काढला, मोकळ्या वायरीच्या जागी खुपसला आणि बायकांच्या डोक्यांवरनं पुढं केला. हातोहात तो अश्विनीपाशी गेला. तिनं सासूकडं एकदा बघितलं. सासू एका पाहुणीशी बोलत होती. अश्विनीनं माईक तोंडाशी धरला.

वर ओवी, आणि ओवीच्या खालनं सोनियानं तेवढ्यात शोधलेल्या गाण्याचा ढोलकीचा ठेका अगदी हळू, बोटभर, वर आणला. रिंगणाची फुगडी झाली. फुगडी एका लयीत राहत नाही, चढत जाते. मोबाईलवर तसंच सोडलं असतं तर ठेका मागं राहिला असता. सोनियानं नजर अश्विनीच्या टाळीवर ठेवली आणि अंगठ्यानं लय तिच्याबरोबर चढवत नेली. अश्विनीनं भुवई उडवली. सोनियानं बटण सरकवलं. ओवी कुठं संपली आणि गाणं कुठं लागलं, रिंगणातल्या एकीलाही कळलं नाही. चहाची चेष्टा करणारी काकू घामानं निथळत ओरडली, "थांबवू नको गं बाई, आता थांबवू नको!"

सोनियाच्या एका कानात बोळा होता. दुसरा गळ्यावर लोंबत होता, सवयीनं, डाव्या बाजूला.

असे सांधे किती झाले कोण जाणे. मग सासूचा आवाज आला, "अश्विनी, चल. म्हशीच्या धारंच्या येळंला घरी पोचाय पायजे."

अश्विनीनं माईक पदरानं पुसला आणि टेबलावर आणून ठेवला. "सोने, दुसरा एक मोबाईल बघ गं."

"तू कवा येणार?"

"गौरीच्या सणाला पाठवतील बहुतेक. बघू." तिनं मिक्सरवरचं फूल उचललं, कपाळाला लावलं आणि कमरेला खोचलं. "चांगला बसला न्हवं सांधा?"

"बसला."

दारापर्यंत सोडायला जावं असं सोनियाला फार वाटलं. पण गाणं संपत आलं होतं, आणि एकटीनं वाजवायचं म्हणजे जागा सोडता येत नाही. जीप सुरू झालेली तिला ऐकू आली नाही. ठेका मोठा होता.

निघताना कुंभारवाड्याच्या एका बाईनं नंबर मागून घेतला. तिच्या पुतणीची हळद आहे, तिथंही बायकांनाच नाचायचं आहे. देवकी मावशीनं हातात नारळ दिला, वर डब्यात गोड दिलं. संध्याकाळच्या गाडीनं सोनिया घरी आली तेव्हा फुला देवापुढं दिवा लावत होती. अंगण कधीच वाळलं होतं. पाण्याचा हात फिरवूनही मधोमध एक फिकट रेघ राहिली होतीच.

"भेटली अश्विनी?"

"भेटली."

"बोलल्यासा का नुसतंच वाजवलंसा?"

"वाजवलं," सोनिया म्हणाली. मग पेटी भिंतीशी सरकवत, "आई, तिचा मोबाईल गेला."

फुलानं वात सारखी केली. नारळ तिच्या हातातनं घेऊन देवापुढं ठेवला. "मग तुला आता दुसरा बघाय पायजे," ती म्हणाली.

सोनियानं दुसरी वायर गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. उद्या सकाळच्या गाडीनं लोंढ्याला जायचं, दुरुस्तीच्या दुकानात काच फुटलेला एखादा जुना मोबाईल मिळतो का ते बघायला.