निळं वर, मातकट खाली

माझ्या भाचीला गप्प बसवायचं असेल तर तिच्या हातात पेन्सिल द्यावी, आणि पेन्सिल काढून घ्यायची असेल तर माउथ ऑर्गन द्यावा. तिसरा उपाय मला अजून सापडलेला नाही. सोळा वर्षांची घोडी झालीय, पण एका जागी बसली तरी बोटं टेबलावर, गुडघ्यावर, शेजाऱ्याच्या पाठीवर वाजतच असतात. म्हणून सगळी गल्ली तिला टकटक म्हणते. शाळा सुटली की ती घरी न जाता थेट आमच्या दुकानात येते, कारण घरी तिचा बाप असतो आणि आमच्याकडे कोरे पुठ्ठे असतात.

आमचं दुकान फ्रेमचं. लोकांचे फोटो, चित्रं, प्रमाणपत्रं आम्ही काचेआड बसवतो. म्हणजे बसवतात आमचे हे, मी काउंटर आणि गिऱ्हाइकांची तोंडं सांभाळते. गल्लीने यांचंही नाव ठेवलंय, गुण्या. कोपरा काटकोनात आहे का हे बघायला सुताराकडे गुण्या असतो ना, तो यांच्या खिशात कायम. टॉवेल वाळत घातला तरी दोन्ही टोकं सारखी लोंबली पाहिजेत. दुसऱ्याच्या घरी गेले आणि भिंतीवरचं चित्र तिरकं दिसलं, तर आधी उठून ते सरळ करतील, मग यजमानांना नमस्कार. मी आता हात टेकलेत.

तर या दोघांमधून माझा संसार चालतो.

गावातल्या कलाशाळेत वरच्या मजल्यावर चित्रकला आणि खाली संगीत. दोन्ही परीक्षा पास झालात तर दोन्ही मजल्यांवर शिकता येतं, पण तसे फार थोडे. टकटक चित्रकलेची परीक्षा हसत-खेळत पास झाली. संगीताचं मात्र घोडं अडलं. वाजवायला येतं एवढ्यावर भागत नव्हतं, स्वतः बांधलेली एक चाल हवी होती, आणि ती कागदावर मांडून आणायची होती. परीक्षा शनिवारी.

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तिचा बाप, पाण्याचा टँकर चालवतो. माणूस प्रेमळ आहे, पण काळजी करायची म्हटली की एका पायावर तयार. एके दिवशी त्याने दुकानात येऊन फर्मान काढलं.

"चित्रकलेत जागा मिळालीय ना? बास. शनिवारी जमलं तर जमलं. नाही जमलं तर तो बाजा कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्याकडे. दोन दगडांवर पाय ठेवून कोणाचं भलं झालंय, ताई?"

"तू रोज क्लच आणि ब्रेक अशा दोन दोन गोष्टींवर पाय ठेवून गाव फिरतोस," मी म्हटलं, "ते चालतं वाटतं?"

तो हसला, पण शब्द मागे घेतला नाही. टकटकने माउथ ऑर्गन फ्रॉकच्या खिशात खोल दाबला. मला फार वाईट वाटलं.

महिनाभर ती चाल शोधत होती. सुचायचं, पण जे सुचायचं ते कुठेतरी ऐकल्यासारखं वाटायचं. मला म्हणायची, "आत्या, सगळ्या चाली सारख्याच चालतात गं. हळूहळू चढायचं, वर जरा थांबायचं आणि शेवटी धपकन खाली. मीपण तेच करते." तिला स्वरलिपी येत नाही, म्हणून ती चाल चित्रात काढते. सूर चढला की रेघ वर, उतरला की खाली. सूर लांबला की रेघ जाड, श्वास घ्यायचा तिथे ठिपका. मग रेघेच्या खालचा भाग निळा रंगवायचा, कारण खालचे सूर तिला पाण्यासारखे वाटतात, आणि वरचा मातकट, कारण वरचे सूर तापलेले असतात म्हणे. मला कळत नाही, पण बघायला छान दिसतं.

बुधवारी तिने असंच एक चित्र पूर्ण केलं, माउथ ऑर्गनवर एकदा वाजवून पाहिलं आणि नाक मुरडून भुशाच्या टोपलीत फेकून दिलं. 

आमचे हे कौतुकाचा शब्द तोंडातून काढतील तर शपथ. पण टोपलीतून तो कागद त्यांनी हळूच उचलला, हाताने सुरकुत्या काढल्या, भुसा झटकला आणि कपाटातली सगळ्यात चांगली, काळी गुळगुळीत पट्टी काढली. ती पट्टी ते माझ्या फोटोलासुद्धा वापरत नाहीत. गुरुवारी दुपारपर्यंत चित्र काउंटरच्या मागच्या भिंतीवर लागलं. वर लेव्हलची नळी ठेवून बुडबुडा बरोबर मध्ये आहे ना, तेही बघून झालं.

टकटक आली, दप्तर टाकलं, भिंतीकडे पाहिलं आणि जी हसत सुटली, ती खालीच बसली. हसून हसून मुरकुंडी वळली पोरीची. काउंटरवर एक बाई आपल्या कुत्र्याचा फोटो घेऊन उभ्या होत्या, त्यापण काही न कळता हसायला लागल्या.

"काय झालं?" यांनी विचारलं.

"काका, उलटं! उलटं लावलंत!"

यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आयुष्यात पहिल्यांदा कोणी हा शब्द यांच्या कामाला लावला होता.

"उलटं कसं? निळं वर, मातकट खाली. आकाश वर असतं आणि माती खाली, एवढं मला कळतं. सही केली असतीस तर खालची बाजू कळली असती. सही कुठाय?"

"आकाश नाही ते, पाणी आहे! म्हणजे सूर आहेत..."

एवढं बोलली आणि थांबली. चित्राकडे बघतच राहिली. काउंटरवरची बोटंसुद्धा थांबली, तेव्हा मात्र मी घाबरले. मग तिने खिशातून माउथ ऑर्गन काढला आणि त्या उलट्या रेघेवर डावीकडून उजवीकडे नजर फिरवत वाजवायला लागली.

चाल सुरू झाली तीच उंचावरून, आणि लगेच खाली पडली. अगदी जिन्यावरून पाय घसरावा तशी. मग तळाशी जरा थांबून ती हळूहळू चढू लागली, सावकाश, पायरी पायरीने. पहिल्या चालीत सुरुवातीलाच अडखळल्यासारखे वाटणारे ठिपके आता शेवटी आले होते, त्यामुळे अगदी वर पोहोचण्याआधी चाल श्वास घ्यायची, पुन्हा श्वास घ्यायची आणि मग वर जाऊन तिथेच राहायची. खाली यायचीच नाही. माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणीपण आलं.

"परत वाजव," कुत्र्याच्या बाई म्हणाल्या.

तिने परत वाजवली. नंतर यांच्या गळ्यात पडली, आणि हे तसेच हातात हातोडी धरून ताठ उभे.

गोष्ट इथे संपली असती तर माझ्या नवऱ्याला गुण्या का म्हणतात हे तुम्हाला कळलं नसतं. शुक्रवारी मी बाजारात गेले होते. तेवढ्यात यांनी फ्रेम उतरवली, मागचे बारीक खिळे उपसले, चित्र सुलटं केलं आणि फ्रेम पुन्हा ठोकून, कागदात गुंडाळून ठेवली. शनिवारी सकाळी टकटक बापाबरोबर ती न्यायला आली. कागद उघडते तर काय, निळं खाली, मातकट वर!

"अहो, कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडले.

"माझ्या दुकानातून उलटी फ्रेम परीक्षेला जाणार नाही," हे शांतपणे म्हणाले. पोरीवर यांनी उपकारच केले होते ना!

खिळे पुन्हा उपसायला वेळ नव्हता. टकटकने फ्रेम उलटी काखेत मारली, भिंतीला अडकवायची कडी खाली लोंबत होती, आणि आम्ही तिघं टँकरमध्ये बसून निघालो.  

खालच्या मजल्यावरच्या खोलीचं दार गरमीमुळे उघडंच होतं, त्यामुळे आम्हाला बाकावरून सगळं दिसत होतं. परीक्षक बाईंनी फ्रेम घेतली, कौतुकाने पाहिली आणि फळ्यावरच्या खिळ्याला कडी अडकवली.

"बाई, उलटं झालं," टकटक म्हणाली.

"उलटं कसं? कडी तर वर आहे."

"कडी काकांची आहे. चाल माझी आहे."

बाई मोठ्याने हसल्या. मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाल्या, "बरं, आधी काकांची वाजव. मग तुझी."

तिने पहिली वाजवली. हळूहळू चढली, वर थांबली, धपकन खाली आली. बाईंनी नुसती मान हलवली. मग टकटकने स्वतः उठून फ्रेम काढली, उलटी करून टेबलावर पेटीला टेकवली आणि दुसरी वाजवली. चाल पडली, चढायला लागली. शेवटचे श्वास आले तेव्हा माझ्या शेजारी माझा भाऊपण श्वास रोखून बसला होता. चाल वर पोहोचली आणि राहिली. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन्ही मजले," शेवटी म्हणाल्या. "जिना रोज चढावा लागेल, जमेल ना?"

परतताना भाऊ टँकर चालवता चालवता काहीतरी गुणगुणत होता. मी कान टवकारले. तीच चाल होती. क्लचवर पडायची आणि गिअर बदलत बदलत चढायची. कपाटाच्या किल्लीचा विषय मी मुद्दाम काढला नाही.

दुकानात आल्यावर टकटकने सगळी हकिगत सांगितली, कडीचीसुद्धा. हे ऐकत होते की नाही देव जाणे, कारण यांनी फ्रेम हातात घेतली आणि आत निघून गेले. थोडा वेळ ठोकाठोक ऐकू आली. बाहेर आले तेव्हा फ्रेमला वर एक कडी होती आणि खालीही, गुण्या लावून बरोबर मधोमध, अगदी पहिलीसारखीच.

चित्र अजून काउंटरच्या मागेच आहे. टकटक सही करायला तयार नाही. रोज सकाळी दुकान उघडलं की हे लेव्हलची नळी हातात घेऊन फ्रेमपुढे उभे राहतात आणि मला विचारतात, "आज कोणती बाजू वर?"