तान्ह्या पोळ्याच्या बदल्यात मे महिना

माझ्या घराला रस्त्याच्या बाजूनं एक शटर आहे. त्यात अश्विनचं मोटार वाइंडिंगचं दुकान, आणि वरच्या खोल्यांत त्याचा एकट्याचा संसार. काटोलकडच्या शेतकरी घरातला पोरगा. जळालेला पंप घेऊन कोणी आलं की याचा चेहरा खुलतो. पंपाशिवाय कोणी आलं की काय बोलावं ते याला सुचत नाही. हुडकेश्वरात मला सगळे सिंधूताई म्हणतात, हा काकू म्हणतो. मी त्याची घरमालकीण कमी आणि डोकं खाणारी जास्त.

मुग्धाशी त्याचं लग्न टिकलं नाही. ती नागपूरच्या महाल भागातली, शिकलेली, तिला बंगळुरूला चांगली नोकरी लागली. याचा पाय दुकानातून निघेना. दोघांत वाईट कोणीच नव्हतं, त्यामुळे शिव्या द्यायलाही कोणी सापडत नाही. घटस्फोट आपसांतल्या समजुतीनं झाला. मुलगी रितिका आईजवळ राहील आणि दर वर्षी सगळा मे महिना बापाजवळ, असा कोर्टाचा हुकूम झाला.

आता मे महिना, तोही नागपूरचा. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. त्यात विहिरी खोल गेल्या की शेतकऱ्यांच्या मोटारी जळतात, तेव्हा अश्विनला जेवायलाही फुरसत नसते. रितिका सकाळीच दुकानात येऊन कूलरसमोर स्टुलावर बसायची. मोटारीच्या खाचांत घालायचा कागद कात्रीनं कापून द्यायची, तांब्याच्या तारेचे वेढे मोजायची. चुकली की बाप म्हणायचा, "पुन्हा मोज वं." दिवसभराचं संभाषण तेवढंच. संध्याकाळी गाडीवर मनीषनगरकडे उसाचा रस प्यायला. मला वाटायचं, पोरगी किती रमली आहे. अश्विनला वाटायचं, पोरगी सुकून चालली आहे.

एका संध्याकाळी तो माझ्या पायरीवर येऊन बसला.

"काकू, मले बाप म्हणून लाज वाटते. महिनाभर लेकरू गर्मीत बसून राहते अन् मी मोटारीत डोकं घालून राहतो. तिले नागपूर म्हटलं की घामच आठवत असन. असंच राहिलं तं मोठी झाल्यावर येणारच नाही माह्याकडं."

भीती खरी होती. लांब राहणाऱ्या बापाजवळ दुसरं असतं काय? पण उपाय त्यानं असा काढला, की तो इकडच्याच माणसाला सुचावा. मे महिना मुग्धाला देऊन टाकायचा आणि त्याऐवजी तान्ह्या पोळ्याचे दिवस मागून घ्यायचे.

बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी नंदी सजवून मुलं दोरीनं ओढत घरोघर नेतात, आणि प्रत्येक घरी त्यांना बोजारा मिळतो, खाऊ नाहीतर पैसे. रितिका लहान होती, घर अजून एक होतं, तेव्हा तिच्या काटोलकडच्या आजोबांनी, रुपरावांनी, तिला सागाचा नंदी करून दिला होता. तो घेऊन ती गल्लीभर अशी मिरवली, की झोपतानाही दोरी हातातून सोडेना. अश्विनच्या डोळ्यांसमोर तीच रितिका होती. शिवाय पावसाळ्यात पंप बंद, दुकान रिकामं. चार दिवस, पण नुसते पोरीसाठी.

"पोरीले इचारलं का गा?" मी म्हटलं.

"लेकराले काय इचारायचं काकू? तिले पोळा लय आवडते."

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको बाप्पा."

तो नुसता हसला. मुग्धा लगेच कबूल झाली. मुलीला महिनाभर एवढ्या लांब ठेवताना तिचाही जीव खालीवर व्हायचाच. दोघांनी मिळून अर्ज दिला आणि जुना हुकूम बदलून मिळाला. कोर्टानं व्हिडिओवर रितिकालाही विचारलं होतं म्हणे. "बाबा म्हणतील तसं," ती म्हणाली. अश्विन तेवढ्यावर खूश.

त्या मे महिन्यात स्टूल रिकामं राहिलं. मग हळूहळू त्यावर वार्निशचे डबे चढले.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मुग्धा तिला सोडून आपल्या माहेरी गेली. अश्विननं नंदीला रंग दिला होता, नवी चाकं लावली होती, शिंगांना बेगड चिकटवला होता. रितिका गाडीतून उतरली आणि मी आधी नंदीकडे बघितलं, मग तिच्याकडे. पोरगी बापाच्या खांद्याला लागली होती.

तान्ह्या पोळ्याला मैदानात सगळी चिल्लीपिल्ली, तिच्या कमरेएवढी. अश्विननं नंदीचं सगळं नवं केलं, पण दोरीकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. दोरी तीच, चिमुकल्या हाताच्या मापाची. पोरगी कमरेत वाकून नंदी ओढत होती. तरी तिनं एकही घर चुकवलं नाही. मागून बाप फोटो काढत होता ना. माझ्या दाराशी आली, मी हातात बोजारा ठेवला, तेव्हा कंबर धरून हसली. मी सरळ सांगते, मला रडू आलं.

जायच्या दिवशी मी पातोडीची भाजी घेऊन दुकानात गेले, तर रितिका काहीतरी शोधत होती.

"बाबा, माझं स्टूल?" मग डब्यांखाली तिला ते दिसलं. "आता कागद कोण कापतं?"

"मीच कापतो. तू त्या गर्मीत कंटाळून जात होती ना वं?"

"नाही. मला तेच आवडायचं. मी शाळेत सगळ्यांना सांगायचे, मी मोटार दुरुस्त करते म्हणून."

अश्विनच्या हातातली पक्कड हातातच राहिली. "मंग सांगितलं काहून नाही?"

"तुम्हीच नको म्हणालात ना. मला वाटलं, मी वेढे मोजताना चुकते, म्हणून."

त्यानं पक्कड खाली ठेवली. "पुढच्या मे महिन्यात ये. मी आईशी बोलतो, पुन्हा अर्ज करतो. येशीन ना?"

रितिका खाली बघत राहिली. "या वर्षी आईनं मला कॅम्पला पाठवलं होतं. आधी मी खूप रडले. मग मैत्रिणी झाल्या. पुढच्या मेमध्ये आम्ही सगळ्या परत जायचं ठरवलंय." मग तिनं त्याच्या दंडाला हात लावला. "मी पोळ्याला येईन ना, बाबा."

मोठी माणसं लहानांची समजूत घालतात, तशी ती त्याची घालत होती. नको झालं मला ते बघणं.

ती गेल्यावर अश्विननं स्टुलावरचे डबे उतरवले, फडक्यानं ते पुसलं आणि बंद कूलरसमोर ठेवलं. भादव्याचे दिवस, दुकानात दुरुस्तीला एकही मोटार नव्हती.

"जेव गा," मी म्हटलं.

"जेवतो काकू," तो म्हणाला, आणि जुन्या कॉइलच्या तारेचे वेढे मोजायला लागला. मध्येच चुकला, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागला.