आडवारचा बाप्तिस्मा

"तुझ्या आईला इचार की. तिला ठावं आसंल असली पोरं कशी हुत्यात."

रविवारच्या शाळेत मास्तर मला हे म्हणाले आणि सगळी मुलं हसली. मी तेरा वर्षांचा होतो.

कोल्हापुरातल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत तेव्हा एक रीत होती. दृढीकरणाआधी, म्हणजे मोठं झाल्यावर मंडळीत पक्कं घेण्याआधी, मत्तयाच्या शुभवर्तमानातली येशूची वंशावळ तोंडपाठ म्हणायची. अब्राहामापासून योसेफापर्यंत, एकही नाव न गाळता. शेवटी आपल्या आजोबांचं आणि वडिलांचं नाव जोडायचं. मास्तर जमीनजुमल्याच्या जुन्या घराण्यातले. त्यांच्या दिवाणखान्यात त्यांच्या सात पिढ्या चौकटीत टांगलेल्या, ख्रिस्ती होण्याआधीच्या ब्राह्मण पूर्वजांसकट. आमचा आजा महारवाड्यातून आलेला. आमची जागा शेवटच्या बाकावर.

मी सगळी नावं बिनचूक म्हटली. मग विचारलं, योसेफ जर येशूचा बाप नव्हता, तर त्याच्या पूर्वजांची यादी कशाला पाठ करायची? खोडी काढायची नव्हती. मला उत्तर हवं होतं. बाबांनी आईशी लग्न केलं तेव्हा मी तिच्या पोटात होतो, आणि मी त्यांचा नव्हतो. हे मला नुकतंच कळलं होतं.

आईने ही गोष्ट एकाच माणसाला सांगितली होती. पाळकसाहेबांना, गुडघे टेकून, प्रार्थनेत. त्यांच्याकडून ती मास्तरांच्या जेवणाच्या टेबलावर पोचली.

मास्तर आईवरून बोलले तेव्हा बाबा त्याच खोलीत होते. उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत ते लाकडी पॅटर्न बनवायचे. त्याभोवती वाळू ठोकून साचा घेतात, लाकूड काढून घेतात आणि उरलेल्या पोकळीत लोखंड ओततात. रविवारी देवळाची बाकं फुकट दुरुस्त करायचे. हातोडी खाली ठेवून ते उठले.

"मास्तर, ल्योक माझा हाय. काय इचारायचं ते मला इचारा."

मास्तरांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. मला विचारलं, "व्हय रं? ह्यो बाप तुझा?"

मी म्हणालो, "न्हाय."

मास्तरांनी केलेला अपमान मी आयुष्यभर लोकांना सांगितला. हा शब्द सांगितला नाही. आज लिहितो आहे.

बाबांनी बाकाचा पाय ठोकून पुरा केला. अवजारं पिशवीत भरली. मला सायकलवर मागे बसवून घरी आणलं. तो शब्द त्यांनी माझ्यापुढे कधी काढला नाही. मरेपर्यंत.

पुढे मी शिकलो, नोकरी केली, मंडळीच्या कमिटीवर आलो. बाप्तिस्म्याची वही बावीस वर्षं माझ्याकडे आहे. ज्या बाळाच्या बापाचा पत्ता नाही, त्याला आम्ही रविवारी घेत नाही. आडवारी बोलावतो. बुधवारी, दार लोटून. गाणं नाही, चहा नाही. असा नियम कुठे लिहिलेला नाही. पाळला मी. त्या बायका माझे आभार मानून गेल्या. आणि नाताळच्या नाटकात येशूची आई मरीया दरवर्षी मधोमध बसली.

गेल्या आठवड्यात इचलकरंजीहून एक जोडपं आलं. दोघंही यंत्रमागावर कामाला. कडेवर चार महिन्यांची मुलगी. तो थेट बोलला, "काका, पोरगी माझ्या रक्ताची न्हाय. पर बाप मीच हाय. माझं नाव लिवा."

कमिटीतल्या एकाने मान वर न करता सांगितलं, बुधवारी या. बाकीचे सवयीने माझ्याकडे बघू लागले.

ओतून काढलेल्या लोखंडात लाकडाचा कणही नसतो. आकार मात्र लाकडाचाच असतो. बाबांनी हे मला फाउंड्रीत दाखवलं होतं. योसेफाचा प्रश्न मास्तरांना विचारायची गरजच नव्हती.

मी म्हणालो, "रविवारी या. सगळ्यांसमोर."

वहीच्या कपाटाची किल्ली मागायला कमिटीतले दोघे घरी येऊन गेले. म्हातारपणी हे काय खूळ, म्हणाले. किल्ली मी दिली नाही.

येत्या रविवारी मी मंडळीपुढे वंशावळ म्हणणार आहे. शेवटी बाबांचं नाव, मग माझं. तेरा वर्षांचा असताना काय बोललो तेही सांगणार. मग त्या मुलीच्या पानावर तिच्या बापाचं नाव लिहिणार. त्यानंतर माफी मागायला बुधवारच्या बायकांची दारं ठोठावणार. एकेक. त्या क्षमा करतील असं धरून नव्हे.

कमिटी विचारेल, हे थांबवता का? तेव्हा तो जुना शब्द पुन्हा काढीन. या वेळी ज्यांना सांगायचा त्यांनाच.

न्हाय.