खारी माती

आमच्याकडे घरं धाब्याची. लाकडी तुळयांवर काड्या, त्यावर मातीचा जाड थर आणि सगळ्यांत वर गिरणाकाठची खारी, पांढरी माती. ती पाणी खाली उतरू देत नाही, पण दर उन्हाळ्याच्या शेवटी नवी टाकावी लागते. नाही टाकली तर छप्पर डोक्यावर येतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सरकारनं नदीकाठ राखीव केला. काठ खचत होता, शेतं नदीत जात होती; झाडं लावायला हवीच होती. आमचा झाडांवर राग नव्हता. पण तारेच्या कुंपणात मातीची खाणही गेली. माझे वडील, आबा, तालुक्याला जाऊन साहेबांना म्हणाले, "झाडं लावा साहेब, पन बठ्ठा गावनी माटी तठेच शे. तेवढा तुकडा सोडा." साहेबांनी पत्रे टाकायचा सल्ला दिला. जसे काही पत्रे आमच्या बाभळीला लागतात.

ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या खोलीचं धाबं आदल्या वर्षापासूनच गळत होतं आणि घरात दुसरी खोली नव्हती. आभाळ भरून यायला लागलं तसं आबांनी गाडी जुंपली. मी सोबत होते. कुंपण उचकटून अर्धी गाडी भरली असेल, तोच रखवालदार काठ्या घेऊन धावत आले. बोलणं नाही, चालणं नाही. पहिली काठी बैलाच्या तोंडावर, दुसरी आबांच्या पाठीवर. बैल उधळले, गाडी उलटली, माती घळीत गेली. आबा खाली पडले तरी रखवालदार मारतच होते. मग आबांनी हाताला लागलेलं फावडं फिरवलं आणि एकाचं मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. खरं सांगते, मला बरं वाटलं.

पोलिसांनी आबांना नेलं. त्यानंतर काठाकडे जायची कुणाची छाती झाली नाही.

श्रावणात झड लागली. ताई ओली बाळंतीण. धाबं पाणी पिऊन जड झालं आणि आई शेगडी पेटवायला उठली तेवढ्यात अख्खं खाली आलं. आम्ही नखांनी चिखल उकरला. ताई बाळावर पालथी पडलेली सापडली. बाळ रडत निघालं. ताईच्या नाकातोंडात माती होती.

पंचनाम्याला कारकून आला, सोबत शिपाई. जामिनावर सुटलेले आबा भिंतीशी बसले होते. ढिगाकडे बघत कारकुनानं विचारलं, "दरवर्षी माती टाकायची असते ना? यंदा टाकली नव्हती का?"

आईनं ढिगातली ओली माती मुठीत घेतली आणि त्याच्या तोंडात कोंबली. "ले, टाकी माटी," ती म्हणाली.

शिपायानं तिला केस धरून मागं ओढलं. तिनं मातीच उचलली, दगड उचलला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.