नदीकाठची लाइन आणि आमची लाँच

मी बोटीवर फिटर होतो. ऐंशीनंतरच्या वर्षांतली गोष्ट. आमची बोट जपानमधल्या एका बंदरात दुरुस्तीला लागली. इंजिन पुरतं उघडलेलं, त्यामुळे मुक्काम लांबणार हे दिसतच होतं. गोदीतल्या खोल्या भरलेल्या होत्या, म्हणून आम्हां काही जणांची सोय गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी एका घरात केली. तिथून गोदीवर रोज आगगाडीनं जायचं.

त्या वेळी रत्नागिरीत रेल्वे नव्हती. आमच्या जयगडच्या खाडीवर रोजची ये-जा लाँचची. ती लाँच माझे वडील चालवायचे. गावात त्यांना सगळे तांडेल म्हणत. त्यामुळे जपानच्या त्या गाडीत बसलो की मला सारखी आमची लाँच आठवायची. तीच माणसं, रोजच्याच जागा, डुलक्या काढणारे म्हातारे, शाळेची पोरं. फक्त इथं कोणी मोठ्यानं बोलत नसे, आणि मासळीच्या टोपल्या नव्हत्या.

लाइन लहानच होती. नदीच्या कडेकडेनं वर चढत जायची. बराचसा रस्ता एकेरी रुळाचा, म्हणून समोरची गाडी स्टेशनात येईपर्यंत आपली थांबायची. ड्रायव्हरच्या हातात पांढरे मोजे. सिग्नल दिसला की तो त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्यानं काहीतरी म्हणायचा. केबिनमध्ये एकटा असला तरी म्हणायचाच. पहिल्यांदा मला वाटलं, याचं डोकं फिरलंय.

घरमालकीण साठीच्या आसपासची होती. गोदीतला एक फोरमन तिच्याकडे भाड्यानं राहायचा. त्याला कामापुरतं इंग्रजी येई, मलाही तेवढंच. एका रविवारी जेवताना मी त्या ड्रायव्हरची नक्कल केली. बाई हसली नाही. उठून उभी राहिली, हात ताठ करून खिडकीबाहेरच्या रुळाकडे बोट दाखवलं आणि तेच शब्द म्हणाली, खणखणीत.

"काय म्हणाली?" मी फोरमनला विचारलं.

"सिग्नल मोकळा आहे, असं. डोळा चुकतो, पण बोट आणि आवाज दोन्ही लावले की चुकत नाही. ती या लाइनीवर कंडक्टर होती."

मग त्या दुपारी तिनं सगळं सांगितलं आणि फोरमन जमेल तसं इंग्रजीत करत राहिला. ही लाइन मुळात माणसांसाठी नव्हतीच. नदीतली खडी बंदरावर न्यायला घातलेली. वरच्या टोकाला एक जुनं देऊळ होतं, त्याच्या जत्रेला लोक खडीच्या उघड्या मालडब्यांत बसून जायला लागले, तेव्हा कंपनीनं एक डबा जोडला. मग शेतं मोडून घरं झाली आणि सकाळची गर्दी सुरू झाली. महायुद्धात पुरुष लढाईवर गेले, तेव्हा शाळेतल्या मोठ्या मुलींना गाडीवर घेतलं. त्यांत ही एक. बंदरावर बॉम्ब पडायचे, गाडी बोगद्यात नेऊन उभी करायची आणि अंधारात माणसांना धीर द्यायचा, हे तिचं काम. "लोक माझ्या आवाजावर गप्प बसायचे," ती म्हणाली. हे सांगताना तिचा चेहरा त्या वयाचा झाला होता.

युद्ध संपलं. पुरुष परत आले. एका सकाळी सगळ्या मुलींना ओळीनं उभं करून आभार मानले आणि टोप्या परत घेतल्या.

"मग?" मी विचारलं.

"मग रडले. गाडीचा आवाज आला की खिडकी लावून घ्यायचे. पण घर रुळाला लागून, किती दिवस लावणार? शेवटी एक दिवस तिकीट काढलं आणि माझ्याच गाडीत जाऊन बसले. तेव्हा प्रथम नदी बघितली. कामावर असताना नदीकडे बघायला फुरसत कुठं होती?"

बोट निघायच्या दिवशी ती मला पोचवायला बंदरापर्यंत आली. घरून निघताना फलाटावर फोरमननं कंडक्टरला तिच्याबद्दल सांगितलं. तो विशीतला पोरगा. त्यानं टाचा जुळवून तिला सलाम ठोकला. बाई लाजली, पण गाडी सुटताना तिचा हात आपसूक सिग्नलकडे वर गेलाच.

त्यानंतरच्या रजेवर मी घरी आलो तर वडील खळ्यात, घरापुढच्या अंगणात बसलेले. आईनं आधीच कानावर घातलं होतं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. नारळी पौर्णिमेनंतर लाँच पाण्यात उतरली ती दुसऱ्या तांडेलाच्या हातात.

"तेव्हापासून धक्क्याकडे फिरकले नाहीत," आई म्हणाली. "भोंगा वाजला की आत येऊन बसतात. तू तरी बोल."

खळ्यात त्यांच्याजवळ जाऊन बसलो. मी आपली जपानची गाडी सांगायला लागलो. आधी नुसते हुंकार येत होते. गाडी ठरल्या वेळी सुटते म्हटल्यावर मान वर झाली.

"आणि कोण धावत येताना दिसला तर?"

"थांबत नाहीत. मागून दुसरी येते."

"हे काय बरोबर नाय. बाळंतीण असंल, आजारी असंल. मी कोणाला सोडून गेलो नाय कधी." मग स्वतःशीच, "पण दुसरी असंल तर ठीक."

मग मी बाईची गोष्ट सांगितली. टोपी परत घेतल्याचं सांगताना मी अडखळलो. वडलांनी ते ओळखलं असावं. शेवटपर्यंत ऐकलं.

"बसली? त्याच गाडीत?"

"हो."

"कोणी हसलं नाय तिला?"

"ते मी विचारलं नाही, बाबा."

ते उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासतोय तर समोर वडील, धुतलेला सदरा घालून. "चल. पलीकडं जाऊ."

धक्क्यावर सगळे वळून बघायला लागले. नवा तांडेल सुकाणू सोडून पुढं आला. "काका, या ना. घ्या हातात."

"नको. तू चालव," वडील म्हणाले आणि मधल्या फळीवर जाऊन बसले. त्यांना उतारू म्हणून कसं बसायचं तेच कळत नव्हतं. एका कोळणीनं टोपली पुढं ढकलली. "तांडेल, सरका जरा. का सगळी लाँच तुमचीच?"

लोक हसले. वडीलही हसले, खूप दिवसांनी.

पलीकडं उतरल्यावर मी विचारलं, "आता परत?"

"परत कशाला? एवढी वर्षं वेळणेश्वरला दर्शनाला जाणाऱ्यांना इथं उतरवलं. मला परतीची फेरी असायची. मी स्वतः गेलोच नाय."

आम्ही बस पकडून गेलो. देवळात त्यांनी बराच वेळ हात जोडले, मग किनाऱ्यावर माडांच्या सावलीत बसून आईनं दिलेल्या भाकऱ्या खाल्ल्या. त्यांना समुद्र धूसरच दिसत होता. मला विचारून विचारून सगळं समजून घेत होते, कुठली होडी, शीड कुठल्या रंगाचं, वारा कुठून. परतीच्या लाँचमध्ये त्यांना झोप लागली. माझ्या खांद्यावर डोकं टेकून, तोंड जरा उघडं टाकून झोपलेले वडील मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. धक्का आला तरी मी त्यांना लगेच उठवलं नाही. नव्या तांडेलानंही दोर बांधायला जरा वेळच लावला.